रंगाच्या काउंटरवरची १३ वर्षं: घरदुरुस्तीची मोठी दुकानं का बंद पडतायत?

शरयू_लेस्टर

नमस्कार. एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते. आज वेगळ्याच विषयावर लिहितेय, थोडं मोठं होईल.

माझा नवरा गेली १३ वर्षं इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरदुरुस्तीच्या दुकानात आहे. होता, असं आता लिहायला हवं. दुकानाचं नाव लिहीत नाही, हिशेब अजून चालू आहेत. (होमबेस ही इथली अशीच एक मोठी साखळी, ती नव्हे, दुसरं.) मूळचा सांगलीचा, आयटीआय केलेला. आधी रंगाच्या काउंटरवर होता, मग लाकूड कापून द्यायच्या यंत्रावर, मग पुन्हा रंगावर, कारण गिऱ्हाइकं त्याला शोधत यायची. म्हाताऱ्या बायका भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायच्या आणि म्हणायच्या, याला जुळेल असा रंग करून दे. तो करून द्यायचा.

मध्यंतरी एका मंगळवारी सकाळी साडेसातला सगळ्यांना बागेच्या विभागात उभं केलं आणि कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या लोकांच्या, ताब्यात गेल्याचं सांगितलं. दुपारी दारावर 'सगळा माल काढायचा आहे'चे फलक लागले. पुढचे पाच आठवडे हीच माणसं आपलंच दुकान विकत होती. शेवटी फळ्या आणि मांडण्यासुद्धा विकल्या, त्यांनाही किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. रंग ढवळायचं यंत्र दोन माणसं ट्रॉलीवर घालून घेऊन गेली, तेव्हा तो बाहेर येऊन गाडीत बसून राहिला. हे त्याने मला दोन दिवसांनी सांगितलं.

तो ५२ वर्षांचा आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही दुकानं बंद का पडतात? घरं तर तेवढीच आहेत, नळ गळतातच, भिंतींना ओल येतेच. आणि दुसरं, या वयाच्या, या कामातल्या माणसाने पुढे काय करावं? कुणी यातून गेलं असेल तर जरूर लिहा. मी त्याला सगळं वाचून दाखवणार आहे.

मेघमल्हार

वाचून पोटात तुटलं. दादांना सांगा, तुम्ही एकटे नाही. वाचतेय.

यारा_काठचा

शरयूताई, मेलबर्नहून लिहितोय. इथे याच धंद्यातलं सगळ्यात मोठं पडणं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहितो.

इथे बनिंग्ज नावाची साखळी आहे. हिरवी पाटी, पत्र्याची अवाढव्य शेड. शनिवार-रविवारी दाराशी शाळेसाठी नाहीतर क्लबसाठी निधी गोळा करणारे लोक पावात सॉसेज घालून विकत असतात. तिला टक्कर द्यायला वूलवर्थ्स आणि लोव्हज ही अमेरिकेची घरदुरुस्तीची साखळी यांनी मिळून 'मास्टर्स' काढलं. पहिलं दुकान सप्टेंबर २०११ मध्ये आमच्या शहरात, ब्रेब्रुकला. मी पहिल्याच आठवड्यात गेलो होतो. चकचकीत फरशी, फ्रिज, धुलाईयंत्रं, आत कॉफी. छान होतं, पण मला चार इंचाचा नट-बोल्ट हवा होता आणि तो कुठे आहे हे विचारायला माणूस सापडेना.

जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी हात वर केले आणि ११ डिसेंबर २०१६ ला एकाच दिवशी उरलेली सगळी दुकानं बंद. ६० च्या वर दुकानं आणि हजारो माणसं. वूलवर्थ्सने ३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर रक्कम बुडीत मांडली. त्या काळच्या बातम्यांत वारंवार आलेली गोष्ट म्हणजे मालाचं वेळापत्रक उत्तर गोलार्धाच्या ऋतूंवर आखलेलं होतं. आमच्या उन्हाळ्यात हिवाळ्याचा माल आणि हिवाळ्यात बाहेर अंगणात मांस भाजायच्या शेगड्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. जागाही वर्दळीच्या रस्त्यांपासून लांब घेतलेल्या होत्या. बनिंग्जने चांगल्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या.

म्हणजे धंदा वाईट नव्हता. त्याच शहरात, त्याच वर्षांत बनिंग्ज वाढत होतं.

नाना_शिकागो

वूलवर्थ्स म्हणजे इंग्लंडमधलं ते बंद पडलेलंच का?

यारा_काठचा

नाही नाना. नाव तेच, पण संबंध नाही. इथल्यांनी १९२४ मध्ये ते नाव घेतलं, कारण ऑस्ट्रेलियात ते कुणी नोंदवलंच नव्हतं. इथलं जोरात चालू आहे, किराणा मालाचं.

पेठेतला_हार्डवेअरवाला

पुण्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, आजोबांपासून. शरयूताईंच्या यजमानांचं काम मला वाचल्या वाचल्या कळलं, कारण आमच्याकडेही लोक तुटका नमुनाच घेऊन येतात. नळाचा झिजलेला वॉशर, गंजलेली बिजागरी, अर्धा तुटलेला एल्बो. नाव कुणालाच माहीत नसतं. नमुना हातात घेतला की साइज कळते, जुनं घर का नवं ते कळतं, आणि 'हा नको, पितळी घ्या, तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार' हेही सांगता येतं.

एक फरक मात्र आहे. आमचं मुख्य गिऱ्हाईक मिस्त्री, प्लंबर आणि सुतार. घरमालक स्वतः करवत धरत नाही. म्हणून इकडे तसली प्रचंड दुकानं तशा स्वरूपात रुजली नाहीत. आम्हाला आता चिंता आहे ती दहा मिनिटांत बल्ब आणि टेफ्लॉन टेप घरपोच देणाऱ्यांची. किरकोळ विक्री झपाट्याने तिकडे जातेय. मिस्त्री अजून येतो, कारण त्याला उधारी लागते आणि उरलेला माल परत घेणारं कुणी लागतं.

भातुकली

हार्डवेअरवाले काका, तुमचा 'आमचं गिऱ्हाईक मिस्त्री' हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. होम डेपो या अमेरिकेच्या घरदुरुस्तीच्या साखळीने चीनमध्ये नेमका याच ठिकाणी मार खाल्ला. २००६ मध्ये त्यांनी तिथली 'होम वे' नावाची १२ दुकानांची साखळी विकत घेतली. तिथे मजुरी स्वस्त, नवं घर कोऱ्या भिंतींचं मिळतं आणि सगळं काम कंत्राटदाराकडून करून घेतात. स्वतः ड्रिल हातात घेणं ही तिथे हौस नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये शेवटची ७ मोठी दुकानं बंद झाली आणि ८५० माणसं घरी गेली. लोकांना 'स्वतः करा' नको होतं, 'करून द्या' हवं होतं, हे कंपनीनेच मान्य केलं.

शरयू, माझ्या मते इंग्लंडमध्येही आता तेच होतंय. तरुण भाड्याने राहतात आणि भाड्याच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी नसते. ज्यांचं घर स्वतःचं आहे त्यांना वेळ नाही.

नाना_शिकागो

भातुकली, अर्धं पटलं. पण मला यात दुकानांचा फार दोष दिसत नाही, व्याजदराचा दिसतो.

अमेरिकेत २०२१ मध्ये घरकर्ज ३ टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते जवळपास ८ टक्क्यांना टेकलं. ज्याच्याकडे ३ टक्क्यांचं कर्ज आहे तो घर विकून ७-८ टक्क्यांचं नवं कशाला घेईल? तो आहे तिथेच बसला. २०२३ मध्ये इथे जुन्या घरांची विक्री ४१ लाखांच्या आत आली, १९९५ नंतरची सगळ्यात कमी. आणि घर बदलतं तेव्हाच माणूस फरशी, रंग, स्वयंपाकघर काढतो. एलएल फ्लोअरिंग नावाची फरश्यांची साखळी ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, हार्डवेअरवाली ट्रू व्हॅल्यू ऑक्टोबर २०२४ मध्ये.

तरीही होम डेपो २,३०० च्या वर दुकानं घेऊन उभं आहे. २०२४ मध्ये त्यांनी १८ अब्ज डॉलरहून जास्त देऊन एसआरएस ही छपरांचं आणि बांधकामाचं सामान पुरवणारी कंपनी घेतली. म्हणजे तेही आता काकांच्या मिस्त्री गिऱ्हाइकाकडेच वळलेत. वारा ओळखणारे टिकतात, बाकीचे जातात.

क्युपर्टिनोची_पोर

नाना, 'बाकीचे जातात' हे दोन शब्दांत आटपू नका हो.

आमच्या भागात ऑर्चर्ड सप्लाय हार्डवेअर होतं. १९३१ मध्ये सॅन होजेच्या फळबागायतदार शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर काढलेलं. सिलिकॉन व्हॅली व्हायच्या आधी इथे जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या, त्या काळातलं. आम्ही १९९८ मध्ये इथे आलो. बाबांना एक स्क्रू हवा असेल तर एकच मिळायचा, छोट्या खणांच्या भिंतीतून. दरवर्षी ते आगगाड्यांच्या चित्रांचं कॅलेंडर काढायचे आणि आमच्या फ्रिजशेजारी कालनिर्णय आणि ते कॅलेंडर बाजूबाजूला असायची.

२०१३ मध्ये ते दिवाळखोरीतून लोव्हजने घेतलं. ऑगस्ट २०१८ मध्ये नवे मुख्याधिकारी मार्व्हिन एलिसन येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा सगळीच्या सगळी ९९ दुकानं बंद करायचं जाहीर झालं. जवळपास ४,३०० माणसं. दुकानं गिऱ्हाइकाअभावी ओस पडली म्हणून नव्हे. मोठ्या दुकानांवर लक्ष केंद्रित करायचं म्हणून. आमच्या बागेच्या विभागातल्या काकू २० वर्षं तिथे होत्या. लिंबाच्या झाडाची पानं पिवळी का पडतात ते त्यांनी आईला शिकवलं. त्या काकूंचं ज्ञान कुठल्या ताळेबंदात होतं?

यारा_काठचा

आणि तेच लोव्हज मास्टर्समध्ये एक तृतीयांश भागीदार होतं, हे लक्षात घ्या.

तुळजाई_माँट्रियल

आमच्याकडेही तेच! रोना ही क्वेबेकची १९३९ पासूनची साखळी. लोव्हजने २०१६ मध्ये ३.२ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडातली ३१ ठिकाणं बंद करायचं ठरलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये आणखी ३४ दुकानं. २०२२ मध्ये कॅनडाचा सगळा कारभार सायकामोर पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीला विकून टाकला, सुरुवातीची रक्कम फक्त ४० कोटी अमेरिकी डॉलर. सहा वर्षांत एवढंच.

इथे लोकांना दुःख होतं ते फ्रेंच बोलणारा, आपल्या घरांचं लाकूड आणि बर्फ ओळखणारा माणूस काउंटरमागून गेला याचं. माझ्या शेजारच्या आजोबांनी छपरावरचा बर्फ काढायचं फावडं घेण्यासाठी तीन दुकानं पालथी घातली.

सायली_हँबर्ग

जर्मनीचं उदाहरण वेगळं आहे, म्हणून लिहिते. इथे प्राक्टिकर नावाची साखळी होती. तिची जाहिरात अजून लहान-थोर सगळ्यांना पाठ आहे: 'सगळ्यावर २० टक्के सूट, फक्त प्राण्यांचं खाद्य सोडून'. माझ्या सासऱ्यांच्या वाढदिवसाला अजून कुणीतरी म्हणतंच, केकवर २० टक्के, मांजराचं खाणं सोडून.

पण त्या सवलतीनेच घात केला. सूट नसेल त्या आठवड्यात कुणी फिरकेना, आणि सूट बंद केली तेव्हा दुकानात यायचं कारणच संपलं. जुलै २०१३ मध्ये दिवाळं वाजलं. त्यांच्याच मालकीची मॅक्स बार ही हँबर्गची साखळी बरी चालत होती, लोक ती वाचेल म्हणून आशेवर होते, तीही बुडाली. दोन्ही मिळून हजारो लोक. चांगल्या जागा बाउहाउस आणि ग्लोबस या दुसऱ्या साखळ्यांनी घेतल्या, तिथल्या काहींना पुन्हा काम मिळालं. माझी शेजारीण मॅक्स बारमध्ये होती. ती म्हणते, खरी भीती शेवटच्या सहा महिन्यांत वाटत होती. माल येईना, फळ्या रिकाम्या, पुरवठादार रोख पैसे मागत होते. गिऱ्हाईक येऊन रिकामी फळी बघून जायचं आणि माफी हिने मागायची.

शरयू_लेस्टर

सायली, रिकाम्या फळ्यांचं अगदी खरं आहे. शेवटच्या वर्षात आमच्याकडे पांढरा रंगसुद्धा नसायचा. रंगाच्या काउंटरवर पांढरा नाही म्हणजे उडप्याकडे इडली नाही. त्याला रात्री झोप लागायची नाही. मला वाटायचं, मालक तू आहेस का? पण तो म्हणायचा, माझ्याकडे येतात ना लोक, मला तोंड द्यावं लागतं.

सगळ्यांचं त्याला वाचून दाखवलं. क्युपर्टिनोच्या काकूंचं परत वाचायला लावलं.

पेरोलवाली_मुक्ता

शरयू, कारणमीमांसा चालू राहू दे, पण तारखा निघून जातील म्हणून पैशांचं आधी. मी इंग्लंडमध्ये पेरोलमध्ये आहे, वकील नाही, तेव्हा सगळं एकदा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडून पडताळून घे.

कंपनीकडे पैसे नसतील तर सरकारची रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिस देते. प्रशासकांनी 'सीएन' ने सुरू होणारा क्रमांक दिला असेल, तो शोध, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे जात नाही. रिडंडन्सी म्हणजे नोकरी गेल्याची रक्कम. वयाच्या ४१ नंतरच्या नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दीड आठवड्याचा पगार, त्याआधीच्या, २२ व्या वर्षापासूनच्या, वर्षाला एक आठवड्याचा. दादा ५२ चे आणि नोकरी १३ वर्षांची, म्हणजे ११ वर्षांचे साडेसोळा आणि २ वर्षांचे दोन, एकूण साडेअठरा आठवडे. आठवड्याच्या पगारावर मर्यादा असते, एप्रिल २०२४ मध्ये ती ७०० पौंड होती आणि दर एप्रिलमध्ये बदलते. शिवाय नोटिशीचे १२ आठवडे, थकलेला पगार ८ आठवड्यांपर्यंत आणि न घेतलेल्या रजेचे ६ आठवड्यांपर्यंत. रिडंडन्सी, थकलेला पगार आणि रजा यांचा अर्ज एकच, नोटिशीचा मात्र वेगळा, एकातच सगळं येईल असं धरू नकोस. तो नोटिशीचा काळ संपल्यावर करायचा असतो.

आता खरं महत्त्वाचं. एका ठिकाणी २० किंवा जास्त माणसं कमी करायची असतील तर ३० दिवस आधी, १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस आधी, कामगारांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते. ती केली नसेल तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तुमच्या दुकानात किती लोक होते? आणि प्रतिनिधी निवडले होते का?

एवढ्यासाठी विचारतेय की इंग्लंडचं वूलवर्थ्स २००८ च्या शेवटी बुडालं तेव्हा २७,००० माणसं गेली. युनियनने सल्लामसलत न केल्याबद्दल भरपाई मिळवली, पण ज्या दुकानांत २० पेक्षा कमी लोक होते त्यांना ती मिळाली नाही. वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये निकाल आला की प्रत्येक दुकान स्वतंत्र धरता येतं. एकाच कंपनीत, एकाच दिवशी नोकरी गेलेली माणसं. एकाला मिळालं, पुढच्या गावातल्याला नाही.

शरयू_लेस्टर

मुक्ता, तुझे कसे आभार मानू. ४३ जण होते. प्रतिनिधी वगैरे काही निवडलं नाही, नुसती एक चित्रफीत दाखवली. सीएन क्रमांक एका पत्रात सापडला, ते पत्र आम्ही जाहिरात समजून बाजूला ठेवलं होतं.

पेरोलवाली_मुक्ता

मग आजच अकासला, म्हणजे नोकरीच्या तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी संस्थेला, फोन कर. नोकरी संपल्यापासून तीन महिन्यांना एक दिवस कमी, एवढीच मुदत धरून चाल. आणि त्या ४३ पैकी जेवढे संपर्कात आहेत त्यांना सांग, प्रत्येकाने आपलं नाव घालायला हवं. युनियन नसेल तर दुसऱ्याच्या दाव्यावर आपल्याला आपोआप मिळत नाही.

नाना_शिकागो

मुक्ता, उत्तम माहिती. इथे १९८८ चा वॉर्न कायदा आहे, मोठ्या कंपनीने दुकान बंद करताना ६० दिवस आधी सांगायचं. नोकरी गेल्याची रक्कम द्यायचा मात्र देशभराचा कायदा नाही.

क्युपर्टिनोच्या मुली, तुझं लागलं मला. 'जातात' असं लिहायला नको होतं. एक गोष्ट दादांना सांगावीशी वाटते. होम डेपो काढणारे बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांना १९७८ मध्ये हँडी डॅन नावाच्या अशाच साखळीने काढून टाकलं होतं. पुढच्याच वर्षी अटलांटात त्यांनी पहिली दोन दुकानं उघडली. मार्कस तेव्हा पन्नाशीला आले होते.

भातुकली

नाना, ही गोष्ट मला नेहमी अपुरी वाटते. ते दोघे मोठे अधिकारी होते आणि त्यांच्यामागे केन लँगोन हा भांडवल उभं करणारा माणूस होता. काउंटरवरच्या माणसाला नारळ मिळतो तेव्हा त्याच्यामागे घराचा हप्ता असतो.

पण त्याच कंपनीची पुढची गोष्ट इथे उपयोगाची आहे. सुरुवातीला त्यांनी निवृत्त प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार असे लोक मुद्दाम घेतले. २००० च्या शेवटी जनरल इलेक्ट्रिकमधून बॉब नार्डेली आले, खर्च कापायला अर्धवेळ माणसं वाढवली, जुनी जाणती कमी झाली आणि गिऱ्हाईक चिडलं. नार्डेली जानेवारी २००७ मध्ये सुमारे २१ कोटी डॉलर घेऊन गेले. त्यांच्यामागून आलेले फ्रँक ब्लेक पुन्हा दुकानातल्या माणसांकडे वळले. पण मंदी आली तशी त्यांनीही जानेवारी २००९ मध्ये 'एक्स्पो' ही श्रीमंत घरांच्या सजावटीची दुकानं बंद केली आणि ७,००० नोकऱ्या गेल्या. व्याजदर सगळ्यांनाच असतात नाना. जाणता माणूस आधी काढायचा की शेवटी, एवढं तरी मालकाच्या हातात असतं.

होमबेसचंही बघा. २०१६ मध्ये बनिंग्जच्याच मालकांनी, पर्थच्या वेसफार्मर्सने, ते ३४ कोटी पौंडांना घेतलं. जुने वरिष्ठ व्यवस्थापक काढले. लॉरा ॲशली, हॅबिटॅट अशी पडदे-उशांची दालनं काढून टाकली. ज्या बायका त्यासाठीच तिथे जायच्या त्या गेल्या. २०१८ मध्ये सगळी साखळी एका पौंडाला विकली. एका पौंडाला! त्याच वर्षी ४२ दुकानं आणि १,५०० नोकऱ्या कमी करायची योजना आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशासक आले.

यारा_काठचा

म्हणजे बघा, लोव्हज ऑस्ट्रेलियात आलं आणि पडलं. बनिंग्जवाले इंग्लंडला गेले आणि पडले. घरच्या अंगणात दोघे शेर.

अवांतर: २०१८ मध्ये बनिंग्जने फर्मान काढलं की सॉसेजच्या वर नाही, खाली कांदा घाला, जमिनीवर पडून कुणी घसरायला नको. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता, पंतप्रधानांनाही त्यावर बोलावं लागलं.

पेठेतला_हार्डवेअरवाला

कांदा खालीच बरा. भजीवाला पण मिरची वर ठेवतो आणि ती नेमकी शर्टावर पडते.

ओलेता_भिजेता

मंडळी, धागा गंभीर आहे, तरी विचारू का? मी बर्मिंगहॅमला भाड्याच्या घरात आहे. झोपायच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला काळी बुरशी येते. दोनदा रंग दिला, परत येते. घरमालक म्हणतो तुमचा स्वयंपाक जास्त आहे. शरयूताई, दादा सांगतील का काही?

शरयू_लेस्टर

विचारलं. तो उठून बसला! म्हणतो: वर रंग मारत बसू नका. आधी भिंत धुऊन पूर्ण वाळवा. मग ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने पाणी जमलं तर ती हवेतली वाफ आहे. भिंतीच्या बाजूने ओलं झालं तर ओल भिंतीतून येतेय, तो घरमालकाचा खर्च. फोटो तारखेसकट काढून ठेवा. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलंय का, तेही कळवा असं म्हणतोय.

मेघमल्हार

माझाही एक प्रश्न दादांना. दाराला तीन थर जुना तेलरंग आहे, त्यावर पाण्याचा रंग मारला तर सोलून येतो. काय करू?

सायली_हँबर्ग

आणि माझ्या लाकडी बाकाला दर हिवाळ्यात भेगा पडतात!

क्युपर्टिनोची_पोर

शरयूताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आपोआप येतंय असं नाही वाटत? तीन जणांनी पाच मिनिटांत विचारलं.

पेरोलवाली_मुक्ता

मी हेच लिहायला आले होते. इंग्लंडमध्ये बऱ्याच नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था वयस्कर लोकांच्या घरची किरकोळ कामं करायला माणसं ठेवतात. आधाराचे दांडे बसवणं, दाराची साखळी, नळाचा वॉशर, रंग. पगारी नोकरी असते आणि म्हाताऱ्या माणसांशी नीट बोलता येणं हे तिथे कौशल्य धरतात. विजेच्या मोठ्या कामाला मात्र वेगळं प्रमाणपत्र लागतं, त्यात घाई नको. स्क्रूफिक्ससारखी काउंटरवाली छोटी दुकानंही बघा, तिथे गिऱ्हाईक कारागीर असतं.

पेठेतला_हार्डवेअरवाला

शरयूताई, एक सांगतो. पहिली कामं ओळखीच्यांची घेतली तरी फुकट करू देऊ नका. आपल्या माणसांना संकोच वाटतो. दर कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगा, तोंडाने सांगायला जड जातं.

नाना_शिकागो

काकांना अनुमोदन. माझा मुलगा इकडे याच पायी वर्षभर घाट्यात होता.

शरयू_लेस्टर

सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी हे. अकासला फोन झाला, २६ जणांची नावं जमली. गृहनिर्माण संस्थेच्या एका जागेसाठी अर्ज भरलाय, शेवटची तारीख शुक्रवारची आहे. 'अनुभव' या रकान्यात काय लिहू म्हणून तो तासभर बसला होता. मी म्हटलं, पोपडा घेऊन येणाऱ्या बायकांचं लिही. तेच लिहिलं.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलंत, आणि ते एक नाहीये हे कळलं. नानांचे व्याजदर पण खरे आणि भातुकलीचं पण खरं. त्याला सगळ्यात जास्त काय पटलं सांगू? पांढरा रंग संपला होता ते वर कुणाला माहीतच नव्हतं, हे. तो दर सोमवारी कळवत होता.

ओलेता_भिजेता

फॉइल काढलं! खोलीच्या बाजूने थेंब. भिंतीकडची बाजू कोरडी. कपाट अगदी चिकटूनच आहे. आणि हो, कपडे त्याच खोलीत वाळत घालतो.

रंगवाला_सांगली

नमस्कार. मी शरयूचा नवरा. हा आयडी आज काढला, मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

ओलेता, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे दुसरीकडे वाळवा, नाहीच जमलं तर खिडकीची फट ठेवा आणि दार बंद ठेवा. बुरशीवर बुरशीनाशक लावून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, खिडकी उघडी ठेवून. रंग आत्ता नको. भिंत तीन-चार आठवडे कोरडी राहिली तरच डाग झाकणारा प्रायमर आणि वर न्हाणीघराचा रंग.

मेघमल्हार, दार सँडपेपरने घासा, चमक गेली पाहिजे. पुसून घ्या. मग चिकट धरणारा प्रायमर, मग पाण्याचा रंग. घर जुनं असेल तर मात्र कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. आधी तपासायचं किट आणा.

सायली, बाक कुठल्या लाकडाचा आहे? फोटो टाका.